वीस रुपये दवाखान्याला, नोंद आपल्याला

तुमच्या आजारपणाची नोंद संगणकावर करून ती तुमच्या आभा क्रमांकाला जोडली, तर केंद्र सरकार त्या दवाखान्याला नोंदीमागे वीस रुपये देऊ लागलं. लॅबने रक्ताचा रिपोर्ट तसाच जोडला तर लॅबला पंधरा रुपये. ठरावीक संख्येच्या वर गेलेल्या नोंदींसाठी हा दर ठरला. त्याचा हिशेब पुढे मांडतो. योजनेचं नाव डिजिटल हेल्थ इन्सेंटिव्ह स्कीम. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने ती १ जानेवारी २०२३ पासून सुरू केली आणि मिळू शकणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा चार कोटी रुपये ठेवली. राहुरीच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला, नाहीतर देवळालीहून, वांबोरीहून, ताहराबादहून पेशंट घेऊन आलेल्या घरच्यांना यातलं काही कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हे लिहितो आहे.

माझं म्हणणं एवढंच: हा पैसा ज्या नोंदीसाठी दिला जातो ती नोंद तुमची आहे. ती मागा. मोबाईलवर दिसते का ते बघा. चुकीची असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

आधी एक घोळ मिटवू. आयुष्मान कार्ड वेगळं आणि आभा वेगळं. आयुष्मान कार्डावर ठरलेल्या आजारांसाठी, ठरलेल्या दवाखान्यांत, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आपल्याकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या जोडीने ते चालतं, आणि सत्तरीच्या पुढच्या मंडळींसाठी ऑक्टोबर २०२४ पासून वय वंदना कार्डही आलं. आभाचा पैशाशी संबंध नाही. आभा हा १४ आकडी क्रमांक आहे आणि त्याचं काम एकच, तुमच्या वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या नोंदी तुमच्या नावावर एका धाग्यात ओवणं. आभा काढलं म्हणजे ऑपरेशन फुकट होईल असं कुणी सांगत असेल तर त्याला कळलेलं नाही. आणि आभा नाही म्हणून सरकारी दवाखान्यात उपचार नाकारता येत नाहीत. ते काढणं न काढणं तुमच्या मर्जीवर आहे.

आणखी एक. करोनाच्या लसीकरणात २०२१ साली आधार दाखवून लस घेतलेल्या कित्येकांचा हा क्रमांक त्यांना न विचारताच तयार झाला. त्यामुळे नवीन काढण्याआधी आपला जुना आहे का ते आधारवरून तपासून घ्या. दोन-दोन क्रमांक झाले की अर्ध्या नोंदी इकडे आणि अर्ध्या तिकडे, म्हणजे पुन्हा मूळपदावर.

मी औषधाचं दुकान चालवतो. नोंद नसली म्हणजे काय होतं ते काउंटरच्या या बाजूने रोज दिसतं. म्हातारे बाबा येतात आणि मुठीतून गोळ्यांच्या पाकिटाचा एक तुकडा काढून ठेवतात. दोनच गोळ्यांपुरतं कात्रीने कापलेलं पाकीट. नावाची बाजू कापली गेलेली, उरलेल्या भागावर कंपनीच्या नावाची अर्धी अक्षरं आणि तारखेचा शेवट. "हीच द्या, बीपीची हाय." बीपीची कोणती? किती पॉवरची? सकाळची की रात्रीची? बाबांना आठवत नाही, चिठ्ठी घरी आहे, घर सात-आठ किलोमीटरवर. मी अंदाजाने देत नाही, तर बाबा नाराज होऊन दुसऱ्या दुकानाची पायरी चढतात. पाच आणि दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या दिसायला सारख्याच असू शकतात, औषधाचं प्रमाण मात्र दुप्पट. चक्कर येऊन पडलेल्या माणसाचं खुब्याचं हाड मोडतं तेव्हा ते कोणत्या गोळीमुळे मोडलं हे कुणी शोधायला जात नाही.

त्याहून अवघड वेळ असते ती पेशंट हलवण्याची. राहुरीतून नगरला, नाहीतर लोणीला प्रवरेच्या रुग्णालयात, आणि तिथूनही पुढे पुण्याला. मनमाड रस्त्याने ॲम्ब्युलन्समधून जाताना घरच्यांच्या हातात काय असतं? दुमडलेला केसपेपर, त्यावर घाईत लिहिलेलं औषध, आणि ईसीजीची लांब पट्टी. पुढचा डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, "आधी काय दिलंय?" त्याचं उत्तर कागदावर वाचता येत नसेल तर तो सगळं पहिल्यापासून करतो. पुन्हा रक्त, पुन्हा सोनोग्राफी, पुन्हा बिल. यात त्याची चूक नसते. वाचता न आलेल्या कागदावर भरवसा ठेवून सुई मारण्यापेक्षा दुसऱ्यांदा तपासणं बरं. पण तो खर्च आपला असतो आणि कधी कधी त्यात गेलेला तास पेशंटचा असतो.

ईसीजीवरून आठवलं, ते आत्ताच सांगून टाकतो. ती पट्टी उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असते, एटीएमच्या पावतीसारखी. दोन-चार उन्हाळे पत्र्याच्या घरात काढले की तिच्यावरच्या रेषा फिक्या होत जातात आणि शेवटी कोरा कागद उरतो. सोनोग्राफीच्या चिकट छापील फोटोंचीही तीच गत. आजच घरातल्या फाईलमधले असे कागद काढा, त्यांची झेरॉक्स करा आणि मोबाईलवर नीट उजेडात फोटो काढा. आभाच्या ॲपमध्ये असे जुने कागद तुम्हाला स्वतःलाही चढवता येतात. छातीत दुखून आलेल्या माणसाचा जुना ईसीजी हाती असेल तर आजचा बिघाड नवा की जुना हे डॉक्टरला लगेच कळतं, आणि त्यावर पुढचा सगळा उपचार ठरतो.

आता दवाखान्यांच्या हिशेबाकडे वळू. तो आपल्यालाही कळायला हवा, कारण डॉक्टर "आम्हाला परवडत नाही" म्हणाले तर त्यांच्याशी बोलता आलं पाहिजे. योजना जाहीर झाली तेव्हाचा दर असा: दहा किंवा जास्त खाटांच्या रुग्णालयाने दर महिन्याला खाटेमागे ५० नोंदींची पायरी ओलांडली की पुढच्या प्रत्येक नोंदीला २० रुपये. लॅब आणि तपासणी केंद्रांना महिन्याला ५०० नोंदींची पायरी, आणि पुढच्या प्रत्येकीला १५ रुपये. तीस खाटांचं रुग्णालय घ्या. त्याची पायरी १५०० नोंदींची. महिन्याला अडीच हजार नोंदी जोडल्या तर वरच्या हजार नोंदींचे वीस हजार रुपये. एखाद्या लॅबने महिन्याला ९०० रिपोर्ट जोडले तर वरच्या ४०० चे सहा हजार. नोंद म्हणजे फक्त भरती पेशंटची नव्हे. ओपीडीतला सल्ला, औषधांची चिठ्ठी, तपासणीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, लसीकरण हे सगळं तीत येतं. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्यांचा वाटा वेगळा ठेवलेला आहे. पुढे योजनेची मुदत वाढवली गेली, नियमही बदलत गेले. म्हणून दवाखाना किंवा लॅब चालवणाऱ्यांनी आजचे दर आणि मुदत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहूनच आकडेमोड करावी.

वीस हजार रुपये तालुक्याच्या गावी कमी नाहीत. एक संगणकावर टाईप करणारी मुलगी किंवा मुलगा त्यात कामाला ठेवता येतो. माझी डॉक्टर मंडळींना विनंती आहे की हा पैसा आलाच, तर तो आधी त्या माणसावर खर्च करा. नाहीतर होतं काय, की नोंदीचं काम आधीच कामाने पिचलेल्या सिस्टरच्या गळ्यात पडतं, ती पेशंटकडे पाठ करून स्क्रीनसमोर बसते आणि रात्री ड्युटी संपताना घाईने रकाने भरते. घाईत भरलेला रकाना पेशंटच्या काहीच उपयोगाचा नसतो. सरकारी यंत्रणेतही हेच दुखणं आहे. २०२३ च्या संपात राज्यातल्या आशाताईंनी ऑनलाइन कामाच्या सक्तीविरुद्ध आवाज उठवला होता, आणि तो रास्त होता. स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या रिचार्जमध्ये, गावभर फिरून झाल्यावर हे काम करायचं. नोंद हवी असेल तर नोंद करणाऱ्या हातांना वेळ आणि मोबदला दोन्ही द्यावे लागतील.

पैसे देऊन नोंदी करून घेण्याचा अनुभव आपल्या तालुक्याला आहेच, फक्त तो माणसांच्या बाबतीतला नाही. २०२४ साली राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान दिलं. अट अशी, की गाईच्या कानात १२ आकडी बिल्ला हवा आणि भारत पशुधन या पोर्टलवर तिची नोंद हवी. राहुरीत गोठा नाही असं घर शोधावं लागेल. बिल्ला मारायला सगळ्यांनी धावपळ केली. ज्यांच्या गाईची नोंद पोर्टलवर जुळली त्यांना पैसे मिळाले. जुळली नाही त्यांचे अडकले. पण अनुदानाचे पैसे खात्यावर आल्यानंतर किती जणांनी त्या नोंदीत गाईच्या लसीची, वेताची, आजाराची माहिती भरत ठेवली? आपापल्या गोठ्यापुरतं ज्याने त्याने उत्तर द्यावं. आपल्याच शिवारात महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. तिथे फुले त्रिवेणी ही संकरित गाय तयार झाली ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदींवर. कोणती कालवड कुणाची, किती दूध दिलं, कधी गाभण राहिली, हे वर्षानुवर्षं लिहून ठेवल्याशिवाय असं काम उभं राहत नाही. बिल्ला दोन्हीकडे असतो. फरक त्यापुढे लिहिण्याचा असतो.

आभाचंही हेच होण्याची भीती मला वाटते, आणि ती हवेतली नाही. फेब्रुवारी २०२५ पर्यंत देशात ७३ कोटींहून अधिक आभा क्रमांक निघाले होते. त्यांना जोडलेल्या नोंदी होत्या सुमारे ४९ कोटी. म्हणजे माणशी एक नोंदही नाही. क्रमांक काढण्याची मोहीम जोरात झाली, शिबिरं झाली, पण कोट्यवधी क्रमांक रिकाम्या वहीसारखे पडून आहेत. राहुरीतल्याही कित्येकांच्या मोबाईलमध्ये आभा कार्डाचा फोटो आहे आणि ॲप उघडलं तर आत एकही कागद नाही.

याचं एक कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. मोठ्या रुग्णालयांच्या केसपेपर खिडकीवर क्यूआर कोड लावलेला असतो. तो स्कॅन केला की तुमचं नाव, वय, पत्ता आपोआप जातो आणि टोकन मिळतं. रांगेतला वेळ वाचतो, हे चांगलंच आहे. पण तेवढ्याने तुमचा आजार, औषध, रिपोर्ट कुठेही चढत नाही. आत डॉक्टरने तपासल्यावर जे लिहिलं ते संगणकावर जाऊन तुमच्या क्रमांकाला जोडलं गेलं तरच नोंद झाली. त्यामुळे "स्कॅन केलं ना, झालं" असं खिडकीवर कुणी म्हणालं, तरी निघताना पुन्हा विचारा.

पैसे देऊन डॉक्टरांना संगणकाकडे वळवण्याचा सगळ्यात मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. तिथे फेब्रुवारी २००९ मध्ये कायदा झाला आणि वृद्धांच्या सरकारी विमा योजनेतल्या डॉक्टरांना काही वर्षांत मिळून ४४ हजार डॉलरपर्यंत रक्कम देऊ केली गेली. अट होती की संगणक नुसता विकत घेऊन चालणार नाही, त्याचा पेशंटला उपयोग होईल असा वापर दाखवावा लागेल. पुढच्या पाच-सहा वर्षांत जवळजवळ सगळी रुग्णालयं संगणकावर आली. ही जमेची बाजू. पण एका कंपनीची यंत्रणा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रणेशी बोलेना. एका रुग्णालयातला पेशंट रस्त्यापलीकडच्या रुग्णालयात गेला तरी कागदांचे गठ्ठे नाहीतर फॅक्स. डॉक्टरांच्या संध्याकाळी रकाने भरण्यात जाऊ लागल्या. शेवटी २०१६ साली वेगळा कायदा करून सांगावं लागलं की पेशंटची माहिती अडवून धरायची नाही, त्याला ती द्यायचीच. आज तिकडे राहणाऱ्या आपल्या लेकी-सुनांना विचारा. रक्त दिल्यावर रिपोर्ट डॉक्टरच्या फोनच्या आधी त्यांच्या मोबाईलवर येतो.

आपल्या योजनेने यातून एक चांगली गोष्ट उचलली आहे. पैसा संगणकासाठी नाही, पेशंटच्या क्रमांकाला जोडलेल्या नोंदीसाठी आहे. उणीव राहते ती दर्जाची. वीस रुपये पूर्ण लिहिलेल्या डिस्चार्ज कार्डालाही आणि एका ओळीच्या नोंदीलाही. "ताप, औषध दिलं" एवढंच लिहून वीस रुपये मिळणार असतील तर तेवढंच लिहिलं जाईल. हे पकडण्याची जागा दिल्लीत नाही, ती राहुरीतच आहे, आणि पकडणारा माणूस म्हणजे पेशंट किंवा त्याच्याबरोबर आलेला लिहिता-वाचता येणारा नातेवाईक.

तेव्हा डिस्चार्जच्या दिवशी बिल भरून झालं की घाई करू नका. मुलाला, नातवाला ॲप उघडायला लावा आणि चार गोष्टी बघा. नाव आणि वय आपलंच आहे का. आजाराचं नाव लिहिलंय का. कोणती औषधं, किती दिवस, हे वाचता येतंय का. आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती लिहिली आहे का. ही शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. पेनिसिलिनने अंगावर गांधी उठलेल्या माणसाला ते पुढच्या दवाखान्यात सांगता आलं नाही, बेशुद्ध असला, तर काय होईल याचा विचार करा.

आता नाजूक भाग. आपल्याकडे बऱ्याच घरांत एकच मोबाईल नंबर सगळ्यांना जोडलेला असतो. बाप्याचा नंबर, आणि त्यावर आई, बायको, बहीण, म्हातारी आजी. आभाही त्याच नंबरावर निघतं. म्हणजे घरातल्या बाईच्या सगळ्या तपासण्या घरातल्या पुरुषाच्या हातात. काही घरांत यात अडचण नाही. काही घरांत फार मोठी अडचण आहे. गर्भपात, गर्भनिरोधक, मानसिक आजाराची गोळी, लैंगिक आजाराची तपासणी, या गोष्टी बाईने कुणाला सांगायच्या हे तिनेच ठरवायचं. म्हणून बायांनो, जमेल तिथे आपला आभा आपल्या स्वतःच्या नंबरावर काढा. स्वतःचा मोबाईल नसेल आणि एखादी तपासणी घरात कळू नये असं वाटत असेल तर काउंटरवर स्पष्ट सांगा की ही नोंद जोडू नका. तो तुमचा हक्क आहे. प्रत्येक नोंद जोडलीच पाहिजे अशी सक्ती नाही. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि कायद्यातले अपवाद सोडले तर तुमच्या लेखी संमतीशिवाय ती माहिती उघड करता येत नाही. डॉक्टरांनी आणि आशाताईंनीही हे मनात ठेवावं. सुनेचा ओटीपी सासूला विचारून घ्यायचा नसतो.

माहिती सुरक्षित आहे का, असं लोक विचारतात आणि विचारायलाच हवं. या व्यवस्थेत सगळ्या नोंदी दिल्लीत एका जागी गोळा होत नाहीत. ज्या दवाखान्यात तयार झाली तिथेच नोंद राहते. दुसऱ्या डॉक्टरला बघायची असेल तर तुमच्या मोबाईलवर परवानगी मागितली जाते. ती किती दिवसांसाठी आणि कोणत्या नोंदींसाठी द्यायची ते तुम्ही ठरवता, आणि नंतर काढूनही घेऊ शकता. कागदावर ही रचना चांगली आहे. पण २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा एवढ्या मोठ्या सरकारी रुग्णालयाचं काम कित्येक दिवस हाताने करावं लागलं. तिथे जे झालं ते तालुक्याच्या दवाखान्यात होणार नाही अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. २०२३ साली देशात डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. आपली माहिती दुरुस्त करून मागण्याचा आणि पुसून मागण्याचा हक्क त्यात आहे. दवाखान्यांनी निदान एवढं करावं, की प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगळा पासवर्ड द्यावा आणि तो स्क्रीनवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहून ठेवू नये. आणि आपण एवढं करावं, की फोनवरून "आभा अपडेट करायचंय, ओटीपी सांगा" म्हणणाऱ्याला ओटीपी कधीच सांगू नये. ओटीपी द्यायचा तो समोर दिसणाऱ्या काउंटरवर, आपण स्वतः उपचाराला गेलो असताना.

ज्यांना या नोंदीची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्यापर्यंत ती सगळ्यात शेवटी पोचते. दिवाळीनंतर आपल्या फडांत बीडहून, पाथर्डीहून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांत गरोदर बाया असतात. सातव्या महिन्यापर्यंत गावाकडच्या सिस्टरने तपासलेलं असतं, त्याचं कार्ड गावी पेटीत राहतं, आणि बाळंतपणाची वेळ येते ती इथे, उसाच्या पाचटात, कोपीत. रक्त किती, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का, पहिलं बाळंतपण सिझेरियन होतं का, हे राहुरीतल्या डॉक्टरला त्या वेळी कळणार कुठून? मुकादमांना, बागायतदारांना माझं सांगणं आहे: टोळी रानात उतरली की पहिल्या आठवड्यात आशाताईला बोलवा, गरोदर बाया आणि लहान लेकरं यांची यादी द्या, ज्यांची तयारी असेल त्यांचे आभा तिथेच काढून घ्या आणि जवळच्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवा. ज्याच्या रानातला ऊस त्या हातांनी तुटतो त्याने एवढं करायला हरकत नसावी.

लहान दवाखान्यांच्या डॉक्टरांशीही बोलायचं आहे. तुमची अडचण मला माहीत आहे. सकाळी शंभर पेशंट, एक कंपाउंडर, लाईट कधी जाईल सांगता येत नाही. सगळं एकदम करा असं कुणी म्हणत नाही. पहिली पायरी फुकट आहे: डॉक्टर म्हणून स्वतःची आणि संस्था म्हणून दवाखान्याची राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी. ती नसेल तर पुढचा एकही रुपया मिळत नाही. दुसरी पायरी, सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला पहिलाच प्रश्न: आभाला जोडलेलं आणि प्राधिकरणाने मान्य केलेलं आहे का? सरकारी संस्थांनी बनवलेल्या यंत्रणाही आहेत, एनआयसीची ई-हॉस्पिटल आणि सी-डॅकची ई-सुश्रुत. तिसरी पायरी, एका प्रकारापासून सुरुवात. मी म्हणेन डिस्चार्ज कार्डापासून, नाहीतर शुगर आणि बीपीच्या नेहमीच्या पेशंटपासून, कारण तेच सारखे सारखे येतात आणि त्यांच्याच जुन्या नोंदींचा रोज उपयोग होतो. आणि अक्षर! औषधाचं नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावं असा नियम २०१६ पासून आहे. संगणक येईल तेव्हा येईल, तो नियम पाळायला वीज लागत नाही.

कागदाची फाईल मात्र कुणीही फेकू नका. मोबाईल हरवतो, नेट जातं. फाईल पाण्यापासून दूर, एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तारखेप्रमाणे लावून ठेवा. आणि दवाखान्याने कागद दिलेच नसतील तर घाबरून गप्प बसू नका. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे भरती झालेल्या पेशंटची कागदपत्रं तीन वर्षं जपून ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यावर ती ७२ तासांत द्यावी लागतात. अर्ज साध्या कागदावर लिहा, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. भांडण करायची गरज नाही. नियम माहीत असलेल्या माणसाशी सगळेच नीट बोलतात.

गावच्या पातळीवरही एक काम आहे. पुढच्या ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघाला की आपल्या आरोग्य केंद्राला विचारा: गेल्या महिन्यात किती पेशंट तपासले, आणि त्यातल्या किती जणांच्या नोंदी आभाला जोडल्या? किती आभा काढले हे विचारू नका. तो आकडा नेहमीच मोठा सांगितला जातो. नोंदी कमी असतील तर कारण विचारा. संगणक बंद आहे की माणूस नाही की नेट नाही? जे कारण असेल ते ठरावात लिहून वर पाठवा. ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर आपल्या ओळखीचं कुणी असेल तर त्यांच्या कानावरही हाच प्रश्न घाला, आणि प्रोत्साहनाची रक्कम आली असेल तर ती कशावर खर्च झाली तेही विचारा.

येत्या आठवड्यात घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात करा. त्यांच्या गोळ्या, त्यांचे रिपोर्ट, त्यांची ॲलर्जी. आभा आहे का तपासा, नसेल आणि त्यांची तयारी असेल तर काढा, जुने कागद फोटो काढून चढवा. पुढच्या तपासणीला दवाखान्यात गेलात की निघताना काउंटरवर विचारा, "आजची नोंद जोडली का?" जोडली नसेल तर जोडून घ्या. आभाबद्दल कुठे अडलं तर १४४७७ हा मोफत मदत क्रमांक आहे.